आयपी पत्त्यांची चतुःसीमा : नाशिकमधील एका रविवारच्या अभ्यासवर्गाचे परीक्षण

अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी हिशेब आणि भांडार सांभाळते. चौदा संगणक, तीन प्रिंटर, हजेरीचे एक बायोमेट्रिक यंत्र आणि सोळा कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा एक डीव्हीआर एवढाच आमच्या नेटवर्कचा पसारा आहे. त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमणे कारखान्याला परवडणारे नसल्यामुळे, ‘मॅडमना संगणकातले कळते’ या समजुतीवर ती जबाबदारी हळूहळू माझ्याकडे आली. प्रत्यक्षात मला टॅली उत्तम येत होते आणि नेटवर्कमधले काहीही येत नव्हते. दर सोमवारी सकाळी पाठवणी विभागातील प्रिंटर बंद पडत असे. गाडी दारात उभी, चलन छापता येत नाही, आणि तंत्रज्ञ येऊन राउटर बंद-चालू करून तीनशे रुपये घेऊन जातो, असे जवळजवळ आठ महिने चालले. बिघाडाचे कारण विचारले की ‘आयपी क्लॅश होतोय’ एवढेच उत्तर मिळे, म्हणजे नेटवर्कमधील प्रत्येक यंत्राला जो वेगळा आयपी पत्ता लागतो तोच दोन यंत्रांकडे जात होता. क्लॅश का होतो आणि सोमवारीच का होतो, हे त्यालाही सांगता येत नव्हते. या एका प्रश्नासाठी मी कॉलेज रोडवरील एका खाजगी संस्थेच्या रविवारच्या नेटवर्किंग अभ्यासवर्गाला नाव घातले. सहा रविवार, प्रत्येकी तीन तास आणि साडेचार हजार रुपये शुल्क असे त्याचे स्वरूप होते. हे परीक्षण त्या अभ्यासवर्गाचे आहे, आणि त्यातही मुख्यतः पहिल्या चार रविवारांचे, कारण खाजगी आयपी पत्ते आणि नेटवर्क क्लास, म्हणजे पत्त्यांचे जुने ठराविक वर्ग, हा विषय त्या चार सत्रांत शिकवला गेला.

आम्ही अठरा जण होतो. त्यात डिप्लोमाची मुले अधिक, शिवाय सीसीटीव्ही बसवणारे तिघे, सातपूरच्या एका कारखान्यातील देखभाल विभागाचे एक गृहस्थ आणि मी. पहिल्या दिवशी सरांनी कोणतीही व्याख्या सांगितली नाही. त्यांनी प्रत्येकाला घरच्या किंवा कार्यालयाच्या संगणकाचा आयपी पत्ता फळ्यावर लिहायला सांगितला. तो कसा पाहायचा, हे त्यांनी आदल्या आठवड्यातच संदेश पाठवून कळवले होते. अठरापैकी चौदा जणांचे पत्ते १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० या आकड्यांनी सुरू होत होते. इंदिरानगरच्या एका मुलाचा आणि देवळाली कॅम्पच्या एका गृहस्थांचा पत्ता तर शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत सारखा निघाला. ‘पत्ता एकच, मग टपाल चुकत कसे नाही?’ असे सरांनी विचारले आणि पुढची पाच मिनिटे ते स्वतः काहीच बोलले नाहीत. मला या अभ्यासवर्गातील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती वाटली असे कोणी विचारले, तर मी ही पाच मिनिटे सांगेन. आम्ही आपापसात बोलत, चुकत, शेवटी स्वतःच या निष्कर्षाला आलो की हा पत्ता घराबाहेर जातच नसला पाहिजे.

त्यानंतर सरांनी दाखला दिला तो कार्यालयातील टेलिफोनचा. आमच्या कारखान्याच्या ईपीएबीएक्सवर भांडाराचा अंतर्गत क्रमांक २१ आहे, आणि अंबडमधील आणखी पन्नास कारखान्यांतही २१ क्रमांकाचे एक्स्टेन्शन असू शकते. आतल्या आत २१ फिरवला तर माझा फोन वाजतो, परंतु मुंबईहून कोणी केवळ २१ फिरवून मला गाठू शकत नाही. बाहेर जाणारा प्रत्येक फोन कारखान्याच्या एकाच बाहेरच्या क्रमांकावरून जातो. खाजगी आयपी पत्ता म्हणजे हे एक्स्टेन्शन, सार्वजनिक आयपी पत्ता म्हणजे बाहेरचा क्रमांक, आणि कोणत्या आतल्या यंत्राने बाहेर काय मागितले याची नोंद ठेवून उत्तर त्याच यंत्राकडे वळवणारा राउटर म्हणजे टेलिफोन ऑपरेटर. या वळवण्याच्या पद्धतीला नॅट म्हणतात. वर्षानुवर्षे कानावर पडलेला हा शब्द मला त्या दिवशी प्रथम समजला.

खाजगी पत्त्यांचे तीन गट ठरलेले आहेत. १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५ हा पहिला, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ हा दुसरा, आणि १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५ हा तिसरा. पहिल्यात १,६७,७७,२१६, दुसऱ्यात १०,४८,५७६ आणि तिसऱ्यात ६५,५३६ पत्ते येतात. इंटरनेटचे संकेत ज्या आरएफसी नावाच्या दस्तऐवजमालिकेत नोंदवले जातात, तिच्यातील १९१८ क्रमांकाच्या, फेब्रुवारी १९९६च्या दस्तऐवजात हे गट आजच्या स्वरूपात नोंदवलेले आहेत. त्याआधी मार्च १९९४मध्ये याच आशयाचा एक दस्तऐवज निघाला होता. दहा क्रमांकाचे नेटवर्क पूर्वी अर्पानेटचे, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपाचे, होते. १९९०मध्ये अर्पानेट बंद झाल्यावर तो क्रमांक मोकळा झाला आणि पुढे खाजगी वापरासाठी राखला गेला. हे सर्व सरांनी पुस्तिकेतून वाचून न दाखवता गोष्टीसारखे सांगितले आणि त्यामुळे आकडे लक्षात राहिले. खाजगी म्हणजे गुप्त नव्हे, हेही त्यांनी लगेच स्पष्ट केले. या गटांतील पत्ते कोणीही कोणाची परवानगी न घेता स्वतःच्या आवारात वापरावेत, आणि इंटरनेटवरील मार्गदर्शक राउटरांनी ते पुढे नेऊ नयेत, एवढाच या व्यवस्थेचा अर्थ आहे.

दुसरा रविवार संपूर्णपणे नेटवर्क क्लाससाठी होता, आणि या अभ्यासवर्गाबद्दल माझा सर्वांत मोठा आक्षेप त्या दिवसाशी संबंधित आहे. आधी त्यातील चांगला भाग सांगते.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ अंकांचा असतो. आठ-आठ बिटांचे चार खंड करून तो आपण बिंदू देत लिहितो. सप्टेंबर १९८१मध्ये हा नियम ठरला तेव्हा पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा आणि कोणता यंत्राचा, हे पत्त्याच्या पहिल्या काही बिटांवरूनच ओळखायचे होते. पहिला बिट शून्य असेल तर क्लास ए : पहिला खंड नेटवर्कचा, उरलेले तीन यंत्रांचे. पहिले दोन बिट एक-शून्य असतील तर क्लास बी, म्हणजे दोन खंड नेटवर्कचे आणि दोन यंत्रांचे. एक-एक-शून्य असेल तर क्लास सी, म्हणजे तीन खंड नेटवर्कचे आणि एकच यंत्रांचा. म्हणून १२७पर्यंत ए, १२८ ते १९१ बी, १९२ ते २२३ सी, असे आकडे पडतात. त्यापुढील २२४ ते २३९ हा डी मल्टिकास्टसाठी, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना पाठवण्यासाठी, आणि २४०च्या पुढचा ई राखीव.

सरांनी याला जमिनीचा दाखला दिला. नाशिक जिल्ह्यात शेतजमिनीचे गट, पोटहिस्से आणि एन.ए. प्लॉट हा ज्याच्या त्याच्या घरातला विषय असल्यामुळे तो सर्वांना तात्काळ पटला. अशी कल्पना करा, ते म्हणाले, की गावात जमीन फक्त तीनच मापांत विकली जाते : एक अख्खे शिवार, एक मोठा गट, किंवा एक छोटा प्लॉट. पोटहिस्सा करून विकायला मनाई. क्लास सीमध्ये २५४ यंत्रे मावतात आणि क्लास बीमध्ये ६५,५३४. ज्या संस्थेकडे पाचशे यंत्रे आहेत तिला छोटा प्लॉट पुरत नाही, म्हणून ती मोठा गट घेते आणि त्यातले पासष्ट हजार पत्ते पडीक राहतात. क्लास बीचे गट सगळे मिळून १६,३८४च होते. इंटरनेट विद्यापीठांच्या बाहेर पडू लागल्यावर ते संपण्याची चिन्हे दिसू लागली. क्लास सीचे वीस लाखांहून अधिक प्लॉट शिल्लक होते खरे, पण प्रत्येक प्लॉटची नोंद जगभरच्या राउटरांच्या तक्त्यांत वेगळी ठेवावी लागली असती आणि त्या काळच्या राउटरांना ते झेपणारे नव्हते. म्हणून सप्टेंबर १९९३मध्ये तीन मापांची ही पद्धत सोडून देण्यात आली आणि नेटवर्कची सीमा कोणत्याही बिटावर आखण्याची मुभा मिळाली. पत्त्यानंतर तिरकी रेघ आणि नेटवर्कचे बिट किती हे सांगणारा २४, २६, १२ असा आकडा लिहिण्याची जी पद्धत आज सर्वत्र दिसते, ती या बदलातून आलेली.

म्हणजे नेटवर्क क्लास ही तीस वर्षांहून अधिक काळापूर्वी व्यवहारातून गेलेली व्यवस्था आहे. इतिहास म्हणून ती शिकवावीच, कारण त्याशिवाय आजची पद्धत अशी का आहे हे उमगत नाही. परंतु त्या रविवारी तीनपैकी दोन तास आमच्याकडून क्लासचे तक्ते पाठ करून घेण्यात गेले. कोणत्या क्लासचा मास्क कोणता, म्हणजे पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठवर हे दाखवणारा आकडा कोणता, हे प्रत्येकाला उभे करून विचारण्यात आले, आणि ही पद्धत आता वापरात नाही ही गोष्ट शेवटच्या दहा मिनिटांत ओझरती सांगण्यात आली. मधल्या वेळेत मी सरांना याबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की परीक्षांमध्ये आणि नोकरीच्या मुलाखतींमध्ये हे तक्ते अजूनही विचारले जातात, आणि मुलांना तिथे अडू द्यायचे नसते. त्यांची अडचण मला समजते. तरीही ज्याला उद्या सकाळी कोणाच्या दुकानात जाऊन राउटर लावायचा आहे, त्याच्या मनात ‘१९२ म्हणजे क्लास सी, म्हणजे २५५.२५५.२५५.०’ हे समीकरण इतके घट्ट बसवणे हानिकारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत हवेतले नाही. संस्थेने दिलेल्या पुस्तिकेच्या नवव्या पानावरील तक्त्यात खाजगी पत्त्यांचे तीन गट ‘क्लास ए खाजगी’, ‘क्लास बी खाजगी’ आणि ‘क्लास सी खाजगी’ अशा नावांनी दिले आहेत आणि समोर प्रत्येकाचा एकच ठराविक मास्क छापला आहे. त्यावरून वाचणाऱ्याचा असा समज होतो की १०ने सुरू होणारे नेटवर्क घेतले तर ते एक कोटी सदुसष्ट लाख पत्त्यांचेच असले पाहिजे आणि १९२.१६८ने सुरू होणाऱ्यात कधीही २५४हून अधिक यंत्रे बसणार नाहीत. दोन्ही चूक आहे. १०च्या गटातून केवळ १४ यंत्रांपुरता तुकडाही काढता येतो, आणि १९२.१६८च्या गटाला मुळात सोळाच बिट बांधलेले असल्यामुळे त्यात पाचशे यंत्रांचे एक नेटवर्कही आखता येते. मूळ दस्तऐवजातही या गटांचा उल्लेख, न बांधलेले बिट मोजून, २४ बिटांचा, २० बिटांचा आणि १६ बिटांचा गट असाच आहे. मधला गट म्हणजे क्लास बीचे सोळा सलग क्रमांक आणि शेवटचा म्हणजे क्लास सीचे २५६ सलग क्रमांक, ही केवळ जुन्या भाषेतील ओळख म्हणून त्यात सांगितली आहे. तक्ता छापणाऱ्याने ही ओळखच नियम मानली. आमच्यासोबतच्या सीसीटीव्हीवाल्या तिघांपैकी एकाने सांगितले की एका ठिकाणी कॅमेरे २५४च्या पुढे गेल्यावर त्याने दुसरा राउटर विकत घ्यायला लावला होता. मास्क एका बिटाने बदलला असता तर पत्ते पुरले असते, हे त्याला या वर्गात कळले. कॅमेऱ्यांची एवढी मोठी संख्या एकाच नेटवर्कात ठेवावी की नाही हा वेगळा प्रश्न आहे, पण तो निर्णय पत्त्यांच्या टंचाईपोटी घेण्याचे कारण नव्हते.

तिसऱ्या रविवारी मास्क आला, आणि येथे शिकवण्याची उंची पुन्हा पहिल्या दिवसासारखी झाली. मास्क म्हणजे खरेदीखतातील चतुःसीमा, असे सर म्हणाले. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस रस्ता असे लिहिल्याशिवाय गट क्रमांकाला अर्थ नाही, तसा मास्क सांगितल्याशिवाय पत्त्याला अर्थ नाही. संगणक काहीही पाठवण्यापूर्वी मास्क लावून एवढेच पाहतो की समोरचा माझ्या सीमेच्या आत आहे की बाहेर. आत असेल तर तो थेट हाक मारतो आणि बाहेर असेल तर पाकीट गेटवेच्या, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरच्या, हाती देतो. फळ्यावर १९२.१६८.५.० हे नेटवर्क घेऊन त्यांनी त्याचे ६४-६४ पत्त्यांचे चार पोटहिस्से पाडले. सीमा ०, ६४, १२८ आणि १९२वर आल्या, मास्क २५५.२५५.२५५.१९२ झाला, आणि प्रत्येक हिश्श्यातील पहिला पत्ता नेटवर्कच्या नावासाठी व शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी बाजूला ठेवून ६२ यंत्रांची जागा उरली. मग त्यांनी विचारले की ६० आणि ७० शेजारी आहेत का. दिसायला जवळ असलेले हे दोन पत्ते वेगवेगळ्या पोटहिश्श्यांत आहेत, हे हाताने बिट मांडून पाहिल्यावर जसे पटले, तसे सांगून पटले नसते.

त्याच दिवशी १७२चे कोडेही सुटले. दुसरा गट १६ला सुरू होऊन ३१लाच का संपतो, हे मला पाठ करूनही लक्षात राहत नव्हते. सोळा आठ बिटांत मांडले की ०००१०००० होते, एकतीस मांडले की ०००१११११ होते. या गटात पत्त्याचे पहिले बारा बिट बांधलेले आहेत, म्हणजे दुसऱ्या खंडातील ०००१ हे चार बिट हलत नाहीत, आणि उरलेल्या चारांचे सोळाच प्रकार होतात. फळ्यावर पत्ते लिहिताना डिप्लोमाच्या एका मुलाने हॉस्टेलच्या नेटवर्कचा पत्ता १७२.३२ने सुरू होणारा लिहिला होता, तो सरांनी तोपर्यंत पुसू दिला नव्हता. आता तो कोणता आहे असे त्यांनी विचारले आणि त्या मुलानेच उत्तर दिले की हा खाजगी नाही. ते नेटवर्क उभारणाऱ्याने १७२ म्हणजे खाजगी असे गृहीत धरले होते. त्या पत्त्यांचा जगात दुसराच कोणी रीतसर धनी आहे, आणि हॉस्टेलमधून त्या धन्याच्या सेवेपर्यंत कधीच पोहोचता येणार नाही, कारण पाकीट आवारातच घुटमळेल.

आता माझ्या प्रिंटरकडे येते. चौथ्या रविवारी डीएचसीपी शिकवले, म्हणजे राउटर आपल्याजवळच्या साठ्यातून संगणकांना ठराविक मुदतीच्या बोलीवर पत्ते कसे वाटतो ते. वर्ग सुटल्यावर मी आमच्या राउटरच्या सेटिंगची छायाचित्रे सरांना दाखवली. साठा १९२.१६८.१.२ ते १९२.१६८.१.२५४ असा सगळाच्या सगळा वाटपासाठी खुला होता आणि मुदत चोवीस तासांची होती. प्रिंटरला मात्र तंत्रज्ञाने हाताने १९२.१६८.१.२० हा पत्ता देऊन ठेवला होता आणि राउटरला त्याची कल्पनाच नव्हती. रोज संध्याकाळी संगणक बंद होत, पण सकाळी मुदत संपण्याआधी पुन्हा सुरू होऊन ज्याचा त्याचा पत्ता परत घेत. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ या काळात मात्र सगळ्यांच्या मुदती संपत. सोमवारी संगणक आधी सुरू होत आणि प्रिंटर उशिरा, तेवढ्यात वीस क्रमांक मोकळा दिसल्याने राउटर तो कोणाला तरी देऊन टाकी. आठ महिन्यांच्या त्रासाचे मूळ इतके साधे होते. साठा १०० ते १९९ एवढाच ठेवला, हाताने द्यायचे पत्ते त्याबाहेर ठेवले, आणि त्या दिवसापासून सोमवारी पाठवणी विभागातून मला एकही फोन आलेला नाही. शुल्काचे साडेचार हजार त्या एका दुपारी वसूल झाले, असे मी मानते.

याच सत्रात आणखी एक गोष्ट उलगडली. डीएचसीपीकडून उत्तर न आल्यास संगणक स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता धारण करतो. तो दिसला की समजायचे, वाटप करणाऱ्यापर्यंत आवाज पोहोचत नाही, तेव्हा प्रथम केबल आणि स्विच, म्हणजे आतली यंत्रे एकमेकांना जोडणारी पेटी, तपासा. आमच्याकडे गुणवत्ता विभागातील संगणकाचा असा पत्ता दिसत असताना दोनदा विंडोज नव्याने टाकून पैसे घेतले गेले होते. दोष भिंतीतील केबलच्या टोकाला होता.

कॅमेऱ्यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे निघाले. आमचे शेठ घरून डीव्हीआर पाहू इच्छित होते, पोर्ट फॉरवर्डिंग केले होते, म्हणजे बाहेरून आलेली मागणी डीव्हीआरकडे वळवायला राउटरला सांगितले होते, पण बाहेरून काहीच उघडत नव्हते. इंटरनेट सेवा पुरवठादाराच्या मदत केंद्राने राउटर जुना झाल्याचे सांगितल्यामुळे आम्ही नवा राउटरही घेतला होता. सरांनी राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहायला सांगितले. तो १००.७२ने सुरू होत होता. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा गट एप्रिल २०१२मध्ये सेवा पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी राखला गेला आहे. सार्वजनिक पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी प्रादेशिक संस्थांना वाटून संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठाही शेवटच्या राखीव हिश्श्यावर आला. त्यामुळे पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. म्हणजे आमच्या ऑपरेटरच्या वर पुरवठादाराचा दुसरा ऑपरेटर बसलेला होता आणि त्याला आमच्या डीव्हीआरचा दरवाजा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नवा राउटर घेऊन काही होणारे नव्हते. पुरवठादाराकडून वार्षिक शुल्क देऊन स्थिर सार्वजनिक पत्ता घेतल्यावर काम झाले. हा भाग पुस्तिकेत एका ओळीचाही नाही. सरांनी तो स्वतःच्या अनुभवावरून शिकवला, आणि आज घराघरांत जे फायबर जोड दिले जातात त्यांच्यासाठी तो क्लासच्या तक्त्यांपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी आहे. त्याला पूर्ण सत्र द्यावे, अशी लेखी सूचना मी संस्थेला केली आहे.

शेवटी कारखान्याचे सगळे नेटवर्कच नव्या पत्त्यांवर न्यायचे ठरवले, त्याचेही कारण याच विषयात आहे. मी महिन्याच्या शेवटी घरून व्हीपीएनद्वारे, म्हणजे इंटरनेटमधून कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंत काढलेल्या खाजगी बोगद्यातून, काम करते. जोडणी होत असे, पण कार्यालयातील टॅलीचा संगणक सापडत नसे. घरचे नेटवर्क १९२.१६८.१ आणि कार्यालयाचेही तेच. त्यामुळे माझा संगणक १९२.१६८.१.५ला घराच्या चतुःसीमेतच शोधत राही, पाकीट बोगद्यापर्यंत जातच नसे. दोन्ही टोके सारखी असली की हा अडथळा अटळ असतो. राउटर खोक्यातून निघतो तोच बहुधा या किंवा अशाच एखाद्या पत्त्यावर, आणि कार्यालयाने तो तसाच ठेवला की प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घराशी टक्कर होण्याची शक्यता कायम राहते. सरांच्या सल्ल्याने आम्ही १०.२५३ने सुरू होणारे पत्ते घेतले. नाशिकचा एसटीडी कोड ०२५३ असल्याने तो आकडा कोणी विसरणार नाही. तिसरा खंड १० म्हणजे संगणक, २० म्हणजे प्रिंटर व हजेरी यंत्र, ३० म्हणजे कॅमेरे, ४० म्हणजे पाहुण्यांचे वायफाय. प्रत्येक हिश्श्याला २४ बिटांचा मास्क. ही मांडणी एका कागदावर लिहून तो स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. एक सूचना मात्र करायला हवी : केवळ पत्ते वेगळे केल्याने हिस्से वेगळे होत नाहीत. त्यासाठी व्हीलॅनची, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्के आखण्याची, सोय असलेला स्विच लागतो, आणि तो विषय या अभ्यासवर्गात पाचव्या रविवारी अर्ध्या तासात उरकला गेला. मला तो नंतर स्वतः शिकावा लागला.

उणिवा आणखीही आहेत. अठरा जणांत खरे स्विच तीनच होते, बाकी सगळा सराव संगणकावरील सिम्युलेटरवर झाला. सिम्युलेटरमध्ये केबल कधी सैल होत नाही. पुस्तिका संपूर्ण इंग्रजीत आहे. सर मराठीत इतके सुबोध शिकवत असताना त्यांचेच दाखले मराठीत छापून दिले, तर सीसीटीव्ही आणि वायरिंगच्या कामातील अनेक होतकरू मुलांना त्याचा फार उपयोग होईल. आयपीच्या १२८ बिटांच्या सहाव्या आवृत्तीला शेवटच्या दिवशी वीस मिनिटे मिळाली, तीही घाईची. खाजगी पत्त्यामागे बसलेला संगणक सुरक्षित असतो, असे एक वाक्य पुस्तिकेत आहे आणि ते काढून टाकले पाहिजे. बाहेरचा माणूस थेट हाक मारू शकत नाही एवढे खरे, पण आतल्या एखाद्या संगणकाने स्वतःहून घातक फाइल उघडली तर शेजारची सगळी यंत्रे त्याच्या हाकेच्या अंतरावर असतात. सरांनी हे तोंडी सांगितले. छापील मजकूर मात्र विद्यार्थ्याबरोबर घरी जातो.

ज्यांना प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करायची आहे त्यांना हा अभ्यासवर्ग अपुरा पडेल. ज्यांच्या हाताखाली पाच ते पन्नास यंत्रांचे कार्यालय, दवाखाना, शाळा किंवा कारखाना आहे आणि जे प्रत्येक बिघाडाला तंत्रज्ञावर अवलंबून आहेत, त्यांनी तो जरूर करावा. जाताना आपल्या राउटरच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही बाजूंच्या पत्त्यांची आणि डीएचसीपीच्या पानाची छायाचित्रे बरोबर न्यावीत, कारण सर वर्गानंतर थांबून ती पाहतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. दुसऱ्या रविवारी मात्र क्लासचे तक्ते पाठ करण्याऐवजी बिट मांडण्याचा सराव करावा. पुढील तुकडीसाठी आमच्या पाठवणी विभागातील मुलाचे नाव मी घातले आहे, आणि त्याच्या पुस्तिकेच्या नवव्या पानावरील मास्कचा रकाना पेन्सिलीने खोडून तेथे ८, १२ आणि १६ हे बांधलेल्या बिटांचे आकडे योग्य त्या गटासमोर लिहून दिले आहेत.